नवरीच्या झग्यावरचा हिरवा डाग

१

रविवारी सकाळी सव्वाआठला मी पेटीवरचं पांढरं कापड काढलं, आणि नवरीच्या झग्यावर हिरवा डाग दिसला.

नवरी सहाशे वर्षांची. लग्नात दिलेल्या पेटीच्या उघड्या झाकणावर आतल्या बाजूला रंगवलेली, घोड्यावर बसून ती सासरी निघालीय. मागं झाडं, पुढं दोन कुत्री, आणि चेहऱ्यावर पेटीत काय काय दिलंय ते अजून माहीत नसल्याचा भाव. झगा गडद लाल. गुरुवारी सकाळी मी तिला पाहिलं तेव्हा गुडघ्यापाशी अंगठ्याच्या नखाएवढा रंग उडालेला होता आणि खालचं खडूचं पांढरं अस्तर दिसत होतं. आता तिथं पांढरं नव्हतं. शेवाळासारखं, बिनदिक्कत हिरवं होतं.

मी शैलजा, नाशिकची. दोह्याजवळच्या अल रय्यानमधल्या एका खाजगी संग्रहाच्या दुरुस्तीघरात नोंदी ठेवते. वस्तू आली की लाल वहीत, गेली की हिरव्या वहीत. संगणकात सगळं असतंच, पण वही पासवर्ड मागत नाही. वस्तूचं पान उघडायचं आणि लिहायचं: मूळ रंग कुठं, नंतरचा कुठं, तडा कुठं, कीड कुठं. सतरा वर्षं हे केल्यावर माणसांकडंही तसंच बघायची सवय लागते. अब्बाससाहेब, बैरुतचे, मालकांचे कारभारी: बाहेरून चकाकी, सांध्यात जरा ढिले. अनय, पुण्याचा, पण जन्म दोह्यातला, आमचा फोटोग्राफर: लाकूड चांगलं, पॉलिश जास्त.

मध्ययुगातलं युरोपी फर्निचर म्हटलं की लोकांना तपकिरी, जाडजूड, उदास लाकूड आठवतं. खरं तर ती माणसं पेट्या, पलंग, छताच्या तुळया, हाती लागेल ते रंगवत. लाल, हिरवं, निळं, आणि वर परवडेल तेवढं सोनेरी. पुढच्या पिढ्यांनी त्यावर व्हार्निश थापलं, नाहीतर रंग खरवडून लाकूड उघडं केलं आणि त्यालाच अभिरुची म्हणाले. ही इटलीतली पेटीही आमच्याकडं आली तेव्हा काळपट तपकिरी होती. चार महिने व्हार्निश उतरवल्यावर आतून नवरी निघाली. मंगळवारी मालक तिला बघायला येणार होते.

दहा मिनिटांत सगळे पेटीभोवती जमले. अब्बाससाहेबांनी कपाळाला हात लावला. अनय म्हणाला, "ओह नो," आणि लगेच कॅमेरा आणायला गेला. शेवटी रॉबर्टभाऊ आले.

रॉबर्ट तुस्कानो, वसईचे, एकोणसाठ वर्षांचे, आमचे रंगाचे उस्ताद. उडालेल्या जागी केसाएवढ्या बारीक रेषांनी नवा रंग असा भरायचे की दोन हातांवरून कळू नये, आणि पुढं कुणाला हवं असेल तर तो पुसताही यावा. हातात त्यांच्या नेहमीप्रमाणे केळं होतं. ते अंगठ्यानं दाबत दाबत आले. केळं, टोमॅटो, आंबा, काहीही ते दाबूनच बघतात. विचारलं तर म्हणतात, वसईचा माणूस फळ डोळ्यांनी बघत नाही.

त्यांनी झाकणाकडं निरखून पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला.

"कुठं?" ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. अब्बाससाहेबांनी बोट दाखवलं. रॉबर्टभाऊंचा चेहरा बघता बघता पेटीच्या अस्तरासारखा पांढरा झाला.

आणि मग मला कचऱ्याच्या डब्यात काडीवर गुंडाळलेला कापूस दिसला. त्याचं टोक हिरवं होतं.

२

दाराची कार्डं बोलतात. रंगाच्या खोलीत गुरुवारी सकाळी मी, जेवणाआधी अनय, आणि जेवणानंतर पाचपर्यंत फक्त रॉबर्टभाऊ. शुक्रवारी कुणीच नाही. रॉबर्टभाऊ तर त्या दिवशी चर्चमध्ये, मिस्सा आणि नंतर तीन तास गप्पा, हे त्यांच्या अख्ख्या अल सद्द वस्तीला माहीत आहे. शनिवारी आठ ते बारा ताहेरुन्निसा, सफाईला.

अब्बाससाहेबांनी पाच मिनिटांत निकाल लावला. "रॉबर्टनं केलं असणं शक्य नाही. तीस वर्षं कतारमध्ये, बारा वर्षं माझ्याकडं. लालवर हिरवा लावायला माणूस आंधळा हवा. बाईनं पुसताना काहीतरी बिघडवलं, घाबरली, आणि हाताला आला तो रंग फासला. मग पुसायला बघत होती. बोलवा तिला."

ताहेरुन्निसा शेख, परभणीची, पन्नाशीची. मूळ रंग शाबूत, वरून धूळ. ती आली, पेटीकडं पाहिलं, मग एक क्षण रॉबर्टभाऊंकडं. रॉबर्टभाऊंनी तोंड उघडलं होतं. त्यांच्या आधी तिनंच उघडलं.

"म्या केलं."

"काय केलं?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणतायत ते सगळं."

"आम्ही अजून काही म्हटलंच नाही."

"मग कामून बोलावलं?" ती म्हणाली आणि पदर खांद्यावर ओढून उभी राहिली.

अब्बाससाहेब म्हणाले, "खलास. उद्या दुपारी बाराला तिचे कागद जातील." कागद जाणं म्हणजे व्हिसा रद्द, नजमा वस्तीतल्या खोलीतली तिची खाट रिकामी, आणि परभणीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तिच्या मुलीला आईचा अवेळी फोन.

रॉबर्टभाऊ बाहेर गेले. केळं तिथंच टेबलावर राहिलं. मी उचललं. ते अजून हिरवंगार होतं.

३

कबुली मिळाली की लोकांना हायसं वाटतं. मला वाटत नाही, कारण माझ्या वहीत कबुलीचा रकाना नाही. मी भिंग घेऊन डागापाशी बसले.

घाबरलेल्या माणसानं फासलेला रंग पसरतो. हा कुठंच पसरला नव्हता. केसाएवढ्या उभ्या रेषा, एकीला एक लागून, झग्याच्या चुणीबरोबर वळलेल्या. मूळ लालवर एकही रेषा चढलेली नव्हती. फक्त एका कोपऱ्यात कापसानं हलकेच उतरवल्याची खूण होती, आणि तिथंही खालच्या मूळ रंगाला धक्का नव्हता. डब्यातला तो कापूस काडीवर घट्ट, निमुळता वळलेला होता. ही वळण्याची पद्धत आमच्याकडं एकाच माणसाची.

रंग लावणारा उस्ताद होता. पुसणारा उस्तादाकडं शिकलेला होता. आणि रंग चुकीचा होता. ही तीन वाक्यं एका पानावर बसेनात.

अनय फोटो घेऊन आला. "मॅम, हे वियर्ड आहे. सगळ्या फाइल्सची ब्लॅक अँड व्हाइट कॉपी बनते ना, त्यात डाग शोधतोय. इट्स नॉट देअर."

"नाही म्हणजे?"

"यू सी इट."

मी पाहिलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत झगा अखंड होता. चुणी वरपासून खालपर्यंत सलग उतरली होती. डाग कुठं होता ते माहीत असूनही मला बोट ठेवता येईना. रंगाचा गडदपणा तंतोतंत जुळवला होता. जुळला नव्हता तो फक्त रंग.

हा झगा ज्याला असाच अखंड, कॅमेऱ्याशिवाय, दिसतो असा माणूस, एवढंच मनात येत होतं. आणि कानात एक शब्द घुमत होता: "कुठं?"

"अनय, गुरुवारी तू रंगाच्या खोलीत कशाला गेला होतास?"

"लंचच्या आधी? मी जार्स ऑर्गनाइझ केले. नवे बारकोड लावले, नंबरप्रमाणे नव्या ट्रेमध्ये ठेवले. इट वॉज अ मेस, मॅम."

"जुनी लेबलं?"

"त्यांच्यावरच बारकोड चिकटवला. रॉबर्ट अंकल लेबलं बघतच नाहीत. हात घालतात आणि उचलतात."

"त्यांना सांगितलंस?"

अनयनं फोटो खाली ठेवला. "ही कॅन सी, ना?"

४

अंदाजावर माणसाला बोलणं बरं नाही. मी जुन्या लाल वह्या काढल्या.

रॉबर्टभाऊ बारा वर्षांपूर्वी आमच्याकडं आले. पहिल्या वर्षात त्यांच्या नावावर एकोणीस वस्तू. सगळी कामं सोन्याच्या वर्खाची, नाहीतर लाकडाच्या भेगा बुजवण्याची. रंगाचं एकही नाही. पहिलं रंगकाम पुढच्या मार्चमधलं. मी सफाईच्या हजेरीचा कागद शोधला. ताहेरुन्निसा रुजू झाली फेब्रुवारीत.

मग तिच्या रजा काढल्या. दर दोन वर्षांनी दोन महिने परभणी. त्या महिन्यांत रॉबर्टभाऊ काय करत होते? वर्ख. भेगा. वर्ख. एका वर्षी तर "पाठदुखी" असं मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं आणि वर त्यांना मलम आणून दिलं होतं.

आणि गुरुवारी? गुरुवारी ताहेरुन्निसा ओळखपत्राच्या मेडिकलला गेली होती, दिवसभर.

रोज सव्वादहाला ती रंगाच्या खोलीत पोछा घेऊन जाते आणि दहा मिनिटांच्या खोलीला पाऊण तास लावते. यावरून मी तिची किती थट्टा केली होती. "काय गं, फरशी झिजवून मातीपर्यंत जायचंय का?" ती म्हणायची, "फरशी लई मळती, बाई."

सतरा वर्षं नोंदी ठेवणारी मी. अकरा वर्षं माझ्या नाकासमोर चाललेलं एक काम कुठल्याच वहीत नव्हतं.

पँट्रीत ती कप विसळत होती. मी दार लोटून घेतलं.

"तो रंग तू लावलेला नाहीस."

"लावला की."

"मग सांग, कुठल्या ब्रशनं?"

तिनं विसळलेला कप पुन्हा नळाखाली धरला. मग म्हणाली, "बाई, तुम्ही लई हुशार हायेत. जरा कमी व्हा ना आजच्या दिवस. शनिवारी डाग दिसला, पुसाया घेतला, तर बाराची येळ झाली."

"तुझी मुलगी?"

"तिला मी सांगीन. आई हाय तर धुणीभांडी कुठंबी हायेत. रॉबर्टसाहेबांना एकोणसाठाव्या वर्षी कोण घेतंय? आन् लोक काय म्हणतील त्यांना? बारा वर्षांच्या कामावर थुकतील." तिनं नळ बंद केला. "माझे अब्बा सूत रंगवायचे. सतरंजीचं. म्या पाच वर्षांची असल्यापासून रंगाच्या काढ्यात काठी फिरवली. अब्बा गेले, रंग सुटला, हातात फडकं आलं. हितं पहिल्याच महिन्यात म्या म्हटलं, साहेब, ते दोन डबे उलटे ठिवलेत. त्यांनी दार लावलं आन् विचारलं, हा रंग कसा दिसतो ते सांगशील का?" तिनं कप पालथा घातला. "अकरा वर्षांत बाकी सगळ्यांनी मला एकच इचारलं, बाई. पुसून झालं का."

मी तिला रोज तेच विचारत असे.

५

सोमवारी सकाळी साडेआठला रॉबर्टभाऊ माझ्या टेबलापाशी आले. दाढी केलेली नव्हती. डोळे झोप न झालेले.

"शैलजाबाय, बाराच्या आधी अब्बासला गाठून दे. मला बोलायचंय."

"देते. आधी मला ती हिरवी वही द्या जरा."

मागच्या फडताळावर दोन वह्या उभ्या होत्या. वर्षानुवर्षं ते माझ्या वह्यांना "जाडी" आणि "बारीक" म्हणत आणि मी त्याला वसईचा विनोद समजत असे. आदल्याच आठवड्यात जाडी आणि बारीक, दोन्ही भरल्या होत्या. आता दोन्ही नव्या होत्या, सारख्याच जाड.

त्यांनी हात पुढं केला. हात दोन्ही वह्यांच्या मधे थांबला.

"कशाला छळतेस गं," ते हळूच म्हणाले.

"बसा, रॉबर्टभाऊ."

ते बसले. "बापाला सगळे रंग दिसायचे. आमच्या देवळांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वेद्या रंगवायचा तो. मी शेजारी बसून छाया भरायचो. गडद-फिकट मला जितकं दिसतं तितकं तुलाही दिसत नसेल. पण गडद लाल आणि गडद हिरवा माझ्यासाठी एकाच आईची पोरं. बापानं डबे ओळीत लावायला शिकवलं. डावीकडून तिसरा लाल. आयुष्यभर डावीकडून तिसरा लाल."

"म्हणून तुमच्याकडं गाडीचं लायसन्स नाही."

"डोळे तपासायच्या दिवशी दर वेळी ताप आला मला." ते जरासे हसले आणि लगेच गंभीर झाले. "गुरुवारी वाटलं, एक नख तर भरायचंय. एकच डबा. तिला कशाला थांबायचं. तिला थांबलो असतो तर..." त्यांनी डोळे पुसले. "काल मी गप्प बसलो, शैलजाबाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की बसलोच. पण बसलो ते बसलोच. घरी लिडियानं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, उद्या बोलणार नसशील तर आज जेवूही नकोस. रात्रभर उपाशी आहे."

लिडिया, त्यांची बायको. मूळ रंग, कुठंही पुनर्लेपन नाही.

६

अब्बाससाहेबांच्या खोलीत मी काळा-पांढरा फोटो टेबलावर ठेवला, शेजारी रंगीत, आणि वह्या. सांगितलं फारसं काहीच नाही. रॉबर्टभाऊंनीच सांगितलं, उभं राहून, मोडक्या इंग्रजीत आणि मधेच मराठीत. ताहेरुन्निसाला बोलावलं तेव्हा ती दारातूनच रॉबर्टभाऊंना म्हणाली, "साहेब, तुम्ही बोलले ना शेवटी," आणि तिला रडू आलं.

अब्बाससाहेबांनी फोटो हातात घेतला. रंगीत त्याच्या शेजारी धरला. मला तेव्हा कळलं की पुढचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, आणि त्यांनी तोच विचारला.

"मग ते दमास्कसचं छत? मोरोक्कोची दारं? ती निळी खुर्ची, जिच्यासाठी पॅरिसहून माणूस आला होता? त्यांचे रंग कुणी जुळवले?"

रॉबर्टभाऊंनी ताहेरुन्निसाकडं बोट दाखवलं. तिनं फरशीकडं पाहिलं.

"हिला सफाईला कुणी घेतलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. अब्बाससाहेब उठले. "यल्ला, चला. माझ्यासमोर करा. जमलं तर बोलू."

रंगाच्या खोलीत दिवा लागला. रॉबर्टभाऊंनी कापूस ओला करून आधी हिरवा उतरवला. पाच मिनिटांत खाली पांढरं अस्तर स्वच्छ निघालं. अनय कडेला उभा होता, कान लाल झालेले. त्यानं सगळे बारकोड काढून टाकायची तयारी दाखवली, तर ताहेरुन्निसा म्हणाली, "राहू द्या दादा, मला दिसतंय."

तिनं पोछा भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले आणि डब्यांवरून नजर फिरवली. एक उचलला, दुसरा उचलला. काचेवर ठिपका ठेवला.

"हा फार तापलेला हाय, साहेब. नवरीचा झगा निवलेला हाय. तवा उतरवून घटकाभर झाल्यावर असतो ना, तसा."

"काळा?"

"नको. निळ्याचं एक बोट. बस. आता जरा हळद, दिसंल न दिसंल अशी."

रॉबर्टभाऊ मिसळत होते, ती सांगत होती. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. "झालं," ती म्हणाली, आणि त्यांनी पहिली रेषा ओढली. मग दुसरी. गडदपणा त्यांचा, रंग तिचा. माझ्या पाठीमागं अब्बाससाहेब श्वास रोखून उभे होते, आणि श्वास रोखला की त्यांच्या बुटांची करकर थांबते, हेही मी त्या दिवशी पहिल्यांदा टिपलं.

बाराला पाच मिनिटं असताना रॉबर्टभाऊंनी ब्रश खाली ठेवला. नवरी पूर्ण लाल झग्यात सासरी निघाली होती.

अब्बाससाहेब जवळ गेले. चष्मा काढला, घातला. "कुठं?" ते म्हणाले.

मग फोन काढून ऑफिसला कळवलं की ते कागद पाठवू नका. आम्हाला म्हणाले, "मालकांना काय सांगायचं ते मी बघतो. नाराज होतील, होऊ देत. पण शैलजा, नोंद खरी लिही. आणि हा पोछा इथून हलवा कुणीतरी."

पोछा अनयनं उचलला.

७

संध्याकाळी चारला मी वही उघडली. नव्या लाल वहीत उतरवून घेतलेलं पेटीचं पान. 'रंगकाम कुणी केलं' या रकान्यात जागा एकाच नावाची आहे. अक्षर बारीक केलं आणि दोन लिहिली: रॉबर्ट तुस्कानो, ताहेरुन्निसा शेख. मग जुन्या वह्या काढल्या आणि मार्चच्या त्या पहिल्या कामापासून सुरुवात केली. एकशे अडतीस पानं होती. तिसऱ्या पानावर ताहेरुन्निसा चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाकून आपलं नाव वाचलं, आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"हा कुठला रंग होता गं?" मी एका नोंदीवर बोट ठेवून विचारलं.

"सांगते की," ती म्हणाली.

रॉबर्टभाऊ घरी जायला निघाले होते. दारात थांबले. हातात दोन केळी.

"शैलजाबाय, कुठल्या वहीत लिहितेस?"

"लाल."

"म्हणजे कुठली?"

मी ती फडताळावर नेऊन ठेवली. "डावीकडची. आता ती तिथंच राहील."

त्यांनी मान हलवली आणि एक केळं ताहेरुन्निसापुढं धरलं. "बघ गं, पिकलंय का?"

"उद्या," ती म्हणाली. "आज दुसरं खा."